मुरमाच्या वाटेवर काय घालायचं

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मुरमाच्या कच्च्या वाटांसाठीची सायकल, घेताना टायर किती रुंद घ्यायचा यावर महिनाभर खल होतो. कपडे मात्र रोडबाईकचे असतात तेच चालवून घेतले जातात. पहिले तीस-चाळीस किलोमीटर काही बिघडत नाही. मग नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर ऊन चढायला लागतं, बारीक मुरूम संपून मोठी खडी सुरू होते आणि जांघ, तळवे, मान एकेक करून बोलायला लागतात. सायकलीत दोष नसतो, माणसात नसतो. कपडेच वेगळ्या कामासाठी शिवलेले असतात.

हे काम वेगळं का, ते आधी नीट समजून घ्यावं, कारण पुढची सगळी निवड त्यावरच ठरते. डांबरावर ताशी २८-३० च्या वेगाने जाणारा माणूस मुरमावर १५ ते २० वर येतो आणि चढावर ७-८ वर. म्हणजे अंगाला लागणारा वारा निम्म्याने कमी होतो, पण मेहनत तेवढीच असते, किंबहुना जास्तच. दुसरी गोष्ट धक्क्यांची. सीटवर शांत बसणं होत नाही. दर मिनिटाला दोन-चारदा बूड किंचित उचलायचं, पुन्हा टेकायचं, त्यामुळे कापड कातडीवर सरकत राहतं. तिसरी गोष्ट म्हणजे उतरावं लागतं. ओढा ओलांडायचा असतो, तारेच्या कुंपणाला वळसा घालायचा असतो, काळ्या मातीच्या चिखलातून सायकल खांद्यावर न्यायची असते. रोडबाईकचे कपडे असे चालण्यासाठी केलेलेच नसतात.

ग्रॅव्हल सायकलिंग या प्रकाराला नाव मिळालं ते अमेरिकेत. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावात २००६ पासून होणाऱ्या शर्यतीने तो मोठा केला आणि २०२२ मध्ये इटलीतल्या व्हेनेतो भागात त्याचं पहिलं जागतिक अजिंक्यपद झालं. त्यामुळे कपड्यांबद्दलचे बहुतेक सल्ले तिथल्या हवेचे आहेत. ते वाचावेत, पण जसेच्या तसे उचलू नयेत. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे १० अंश आणि दुपारी ३० हे एकाच राइडमध्ये होतं, आणि जुलैत घाटमाथ्यावर दिवसभर कापड सुकतच नाही.

सुरुवात बैठकीपासून

खर्चाला मर्यादा असेल तर सगळ्यात जास्त पैसे शॉर्ट्सवर घालावेत. जर्सी, मोजे, टोपी यांत तडजोड चालते. पॅडमध्ये, म्हणजे शॉर्ट्सच्या आत शिवलेल्या गादीत, चालत नाही.

पॅड निवडण्याआधी बैठकीच्या हाडांमधलं अंतर माहीत हवं. ते घरीच मोजता येतं. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्याचा, आत नागमोडी थर असलेला पुठ्ठा घ्या. तो कडक स्टुलावर किंवा पायरीवर ठेवा. पातळ कापडाची चड्डी घालून त्यावर बसा, टाचा उचला, कोपरं गुडघ्यांवर टेकून पुढे वाका आणि अर्धा मिनिट तसेच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. बोट फिरवून त्यांची खोल जागा शोधा, पेन्सिलीने खूण करा आणि एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत मोजा. बहुतेकांचं माप १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. पॅडचा सर्वांत घट्ट भाग या दोन बिंदूंखाली आणि त्यांच्या भोवती यायला हवा. तो मध्येच संपत असेल, तर पॅडची कडा नेमकी हाडाखाली येते. दोन तासांनी चट्टा उठतो तो तिथेच.

दुकानात बहुतेक जण पॅड चिमटीत धरून जाडी बघतात आणि जाड दिसलं की खूश होतात. जाडीपेक्षा घनता महत्त्वाची. चांगल्या पॅडवर ती लिहिलेली असते. घनमीटरला ८० किलो घनतेचा फोम लहान फेरीला पुरतो. चार-पाच तास बसायचं असेल तर हाडांखाली १२० किंवा त्याच्या आसपासची घनता हवी. मऊ आणि जाड स्पंज तासाभरात दबतो, हाडं खाली जातात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागेवर दाब देतो. बधिरपणा येतो तो यामुळे, आणि माणूस मात्र अजून जाड पॅड शोधत फिरतो. लेबल नसेल तर अंगठ्याने पॅड जोरात दाबून दहा सेकंद धरा. खालचं बोट स्पष्ट जाणवत असेल तर फोम कमकुवत आहे. अंगठा काढल्यावर खळगा हळूहळू भरत असेल तर तो लांबच्या फेरीत बसणार हे नक्की.

पॅडच्या आत अंडरवेअर घालायची नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी संकोचाने घातली जाते. तिची इलास्टिकची कडा आणि शिवण नेमकी जांघेच्या घडीत येते, सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि पॅडचा उद्देशच संपतो.

आता माप. ग्रॅव्हलवर बूड सतत उचललं जातं, म्हणून पॅड शरीराबरोबर उचललं गेलं पाहिजे. शॉर्ट्स ढिली असेल तर माणूस वर जातो, पॅड सीटवरच राहतं, आणि परत टेकताना त्याला घडी पडते. ट्रायल रूममध्ये अर्धं खाली बसा आणि पॅड खालून चिमटीत धरून ओढून बघा. ते अंगापासून सुटून हातात आलं तर एक माप लहान घ्या. खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट्स मी कमरेच्या शॉर्ट्सपेक्षा नेहमी वर ठेवेन, कारण पट्टे पॅडला जागेवर धरतात आणि पोटावर इलास्टिक रुतत नाही. सरळ उभं राहिल्यावर बिब खांद्यावर ओढल्यासारखी वाटते. ते तसंच असायला हवं. पुढे वाकून, हात हँडलवर असल्यासारखे धरून मगच ठरवा. उभं राहून आरामशीर वाटणारी बिब सायकलवर नक्की ढिली पडते.

मांडीवरच्या पट्टीकडेही बघा. अरुंद, रबरी ठिपक्यांची ग्रिप डांबरावर ठीक असते. मुरमाची धूळ तिच्याखाली जाऊन बसली की सॅंडपेपर होतो आणि मांडीभोवती लाल कडं उमटतं. पाच-सहा सेंटिमीटर रुंद, कापडातच ताण असलेली पट्टी बरी.

कातडी घासू नये म्हणून क्रीम लावायचं असेल तर चहाचा अर्धा चमचा पुरतं. जांघेच्या घडीत, बैठकीच्या हाडांवर आणि पॅडच्या शिवणीवर लावा. मांडीवर बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नका, तिथे धूळ चिकटते. खोबरेल तेल तासाभरात पसरून जातं. पेट्रोलियम जेली टिकते, पण पॅडमधून धुऊन निघत नाही आणि पुढे पॅड घाम शोषेनासं होतं. मेंथॉलवाली क्रीम थंड देशांत कितीही लोकप्रिय असोत, एप्रिलच्या दुपारी ती जळजळतात.

वरून ढगळ शॉर्ट्स घालण्याला माझा विरोध नाही. गावात चहाला थांबायचं, देवळात जायचं, कुणाच्या अंगणात पाणी मागायचं, तर अंगाला चिकटलेल्या लायक्रापेक्षा त्या बऱ्या वाटतात. फक्त मधली शिवण बघून घ्या. चार शिवणी एका बिंदूत मिळत असतील तर ती गाठ सीटच्या नाकावर अडकते, आणि उभं राहून पुन्हा बसताना पडायची पाळी येते. त्या जागी हिऱ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा लावलेली शॉर्ट्स घ्या. लांबी गुडघ्याच्या थोडी वर, म्हणजे गुडघा वाकताना कापड ओढलं जात नाही.

बायकांसाठी दोन-तीन गोष्टी

पुरुषांच्या पॅडचं लहान माप म्हणजे बायकांचं पॅड नव्हे. बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर सरासरी जास्त असतं, त्यामुळे मागचा भाग रुंद लागतो, आणि मध्यावरून जाणारी उभी शिवण मुळीच नको. बिब घेताना ती लघवीसाठी कशी उतरवता येते ते दुकानातच करून बघा. मागे झिप असलेली, पाठीवर हूक असलेली आणि मागचा भाग ताणून खाली येणारी, असे तीन प्रकार मिळतात. पाठीवर पाण्याची बॅग असेल तर हूकचा प्रकार त्रासाचा. जर्सी न काढता बिब खाली करता आली पाहिजे, कारण कालव्याकडेला आडोसा म्हणजे उसाचा फड.

स्पोर्ट्‌स ब्राचे पट्टे आणि बिबचे पट्टे एकमेकांवर येत असतील तर दोन तासांत खांद्याला वळ उठतात. ब्राचे पट्टे पाठीवर एकत्र येणारे आणि बिबचे बाहेरून जाणारे, अशी जोडी जमवा. पाळीच्या दिवसांत कागदी पॅड सायकलच्या पॅडवर सरकतं आणि त्याची कडा घासते. ज्यांना जमतं त्यांना मेन्स्ट्रुअल कप लांबच्या राइडला खूप सोपा जातो. पण त्याची पहिली वेळ राइडच्या दिवशी नको.

अंगावरचं कापड

एक लिटर घाम अंगावरच पूर्ण सुकला तर तो शरीरातून साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कोपरावरून ठिबकून मातीत पडला तर काहीच नेत नाही. कापडाने घाम पसरवायचा, हवेला द्यायचा आणि पुढच्या घामाला जागा करायची. ताशी १५ च्या वेगाला वारा कमी म्हणून हे कापडालाच करावं लागतं.

उन्हाळ्यासाठी चौरस मीटरला ११० ते १४० ग्रॅम वजनाचं पॉलिएस्टर घ्यावं. विणीत बारीक जाळी असावी, पण खांद्यावर आणि पाठीच्या वरच्या भागात जाळी नको. सायकलवर वाकल्यावर नेमका तोच भाग सूर्याकडे असतो आणि उघड्या जाळीतून ऊन थेट कातडीवर येतं. यूपीएफ ५० लिहिलेलं कापड अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत सोडतं. पांढऱ्या पातळ सुती टी-शर्टचा हाच आकडा पाच ते सातच्या आसपास असतो आणि भिजल्यावर तो आणखी खाली येतो. मानेसाठी उभी कॉलर हवी. बिनकॉलरच्या जर्सीत मानेचा मागचा पट्टा भाजून निघतो, आणि हे संध्याकाळी आंघोळीच्या वेळी कळतं.

सुती शर्टाबद्दल बरंच उलटसुलट ऐकू येतं, म्हणून थोडं सविस्तर. सोलापूर-पंढरपूरकडे मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की पातळ, ढगळ सुती शर्ट भिजवून घातला तर अर्धा तास खरंच गारवा देतो. जवळ पाणी असेल आणि तो पुन्हा पुन्हा भिजवता येत असेल तर ही युक्ती चालते. शेतात काम करणारी माणसं पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि डोक्याला उपरणं गुंडाळतात, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. पण तोच शर्ट कोकणात नेला तर हवा दमट असल्याने तो सुकत नाही. तो जड होतो, काखेत आणि खांद्यावर घासायला लागतो. आत सुती बनियन घालणं तर सर्वत्र चुकीचं. घाम तिच्यातच अडतो आणि वरची महागडी जर्सी कोरडी राहते. आत काही घालायचंच असेल तर बिनबाह्यांची जाळीदार पॉलिएस्टर बनियन घाला.

मेरिनो लोकर पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते, पण १५० ग्रॅमच्या आसपासचं पातळ मेरिनो हिवाळ्यात आणि अनेक दिवसांच्या प्रवासात उत्तम. दोन-तीन दिवस न धुता घातलं तरी वास धरत नाही. तिचा एक दोष आपल्याकडे जास्त जाणवतो. बाभळीच्या काट्याला ती लगेच अडकते आणि धागा निघाला की भोक पडतं. मेरिनो आणि नायलॉन मिसळलेलं कापड यात बरंच टिकतं.

जर्सीचं माप शर्यतीवाल्यांसारखं घट्ट नको. छातीवर बोटभर कापड चिमटीत यावं, पण पुढे वाकल्यावर पोटावर झोळ लोंबू नये. झिप पूर्ण उघडणारी घ्या, चढावर तेवढाच आधार असतो. मागच्या तीन खिशांत एकूण ४०० ग्रॅमच्या वर भरलं तर खडीवर ते पाठीवर आपटत राहतं आणि पुढून गळा ओढला जातो. फोन मांडीच्या बाजूला जाळीचा खिसा असलेल्या कार्गो बिबमध्ये जास्त स्थिर राहतो. फक्त तो प्लास्टिकच्या पिशवीत घाला, घामाने कॅमेऱ्याच्या काचेआड वाफ धरते. ट्यूब, पंप, हत्यारं सायकलवरच्या पिशवीत. टोकदार वस्तू पाठीच्या कण्यावर कधीही नको. पडल्यावर काय होतं याचा विचार केला तरी पुरे.

पूर्ण बाह्या की अर्ध्या? मी पूर्ण बाह्यांच्या बाजूचा आहे. पातळ कापडाची पूर्ण बाही ऊन अडवते, उसाच्या पानांच्या करवती कडांपासून वाचवते, आणि घसरून पडलात तर कोपराची कातडी थोडी तरी राखते. सुट्या आर्म स्लीव्हज हा मधला मार्ग. त्या दंडावरून घसरत असतील तर माप मोठं आहे, वळ उठत असेल तर लहान.

कुसळं, मोजे आणि बूट

पावसाळा सरला की माळावरचं गवत वाळतं आणि कुसळं पिकतात. ऑक्टोबरपासून पुढे कुठल्याही पायवाटेवरून शंभर मीटर गेलं तरी मोज्यात वीस-पंचवीस शिरतात. एक कुसळ तळहातावर घेऊन जवळून बघा. खाली सुईसारखं टोक, त्याच्यावर मागे वळलेले बारीक केस आणि वर पिळाची लांब शेपटी. शेपटीला ओल लागली की पीळ सुटतो, सुकली की पुन्हा वळतो. बी मातीत घुसावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. घामाने ओला आणि वाऱ्याने सुका होणारा मोजा म्हणजे कुसळाला मातीच वाटते. ते फिरत फिरत आत जातं आणि मागे वळलेल्या केसांमुळे बाहेर येत नाही.

म्हणून मोजा घट्ट विणीचा, गुळगुळीत नायलॉन-पॉलिएस्टरचा हवा. टॉवेलसारखा आतून फुगीर, लोकरीचा किंवा जाड सुती मोजा या दिवसांत घरी ठेवा. घोट्यापर्यंतचे आखूड मोजे तर नकोच, कारण बुटाच्या काठावरून कुसळं थेट आत पडतात. १५ ते १८ सेंटिमीटर उंचीचा मोजा बरोबर. कुसळ काढताना बाहेरून ओढू नका, टोक तुटून आत राहतं. मोजा काढून उलटा करा, टोक आतल्या बाजूने धरा आणि ते ज्या दिशेने चाललं होतं त्याच दिशेने पुढे ओढून काढा. कुसळी माळ ओलांडायचा असेल तर पातळ, गुळगुळीत नायलॉनचं गेटर, म्हणजे घोट्याभोवतीचं आवरण, बुटावरून चढवलं की निम्मा त्रास वाचतो.

त्याच सुमाराला आणि पुढे हिवाळाभर कुंपणावरच्या वेलींना खाजकुयलीच्या शेंगा लटकलेल्या असतात. त्यांची सोनेरी लव कापडावर बसली तर हाताने झटकू नका, ती बोटांना आणि तिथून मानेला लागते. रुंद चिकटपट्टी कापडावर दाबून उचला, दोन-तीनदा करा, मग पाणी ओता. टायरच्या पॅचच्या डबीत हातभर चिकटपट्टी गुंडाळून ठेवण्याचा खर्च काहीच नाही.

क्लीट म्हणजे बूट पेडलला अडकवणारा तळव्याखालचा तुकडा. बूट दोन बोल्टच्या क्लीटचे, म्हणजे माउंटन बाईकचे एसपीडी पद्धतीचे घ्यावेत. क्लीट रबरी तळव्याच्या खोबणीत आत बसते, त्यामुळे दगडावर चालता येतं. रोडबाईकच्या तीन बोल्टच्या बाहेर आलेल्या क्लीटवर ओढ्यातल्या ओल्या दगडावर उभं राहून बघा, लगेच समजेल. तळवा फार कडक असेल तर सायकल ढकलत चालताना टाच बुटातून निघते आणि फोड येतात. मध्यम कडकपणा पुरतो. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात आणि उन्हात पाय फुगतो. सकाळी नेमका बसलेला बूट दुपारी चवड्यावर आवळतो. बोटांपुढे अर्धा-पाऊण सेंटिमीटर जागा राहू द्या. वर जाळी असलेला बूट हवेशीर असतो, पण बारीक धूळ आत येते आणि घामाबरोबर तिचा लेप होतो. एवढं पत्करावं. बंद बुटात तळपाय शिजतात, त्यापेक्षा मोजा मळलेला बरा.

क्लीटची भीती वाटत असेल तर रुंद, पिनांचे साधे पेडल आणि सपाट तळव्याचे बूट वापरा. मऊ तळव्याचे धावण्याचे बूट मात्र नकोत. पेडलचा दाब एका जागी येतो आणि चवडा दुखतो. लेस असतील तर त्या लेसच्याच पट्टीखाली खोचा, नाहीतर साखळीत जातात.

हात, डोकं, डोळे

हातमोज्यात लोक पुन्हा जाडीला भुलतात. जाड जेलची गादी हँडल पकडल्यावर तळहातात गोळा होते आणि पकड घट्ट करावी लागते, मग मनगट दुखतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या उशीत अल्नर नस दबते आहे. तिथे दोन-तीन मिलिमीटरची पातळ गादी हवी, बाकी तळवा साधा चालेल. अंगठा आणि मधली बोटं बधिर होत असतील तर दाब तळहाताच्या मध्यावर आहे आणि तो बहुधा सायकलच्या मापाचा प्रश्न असतो. हातमोजे बदलून तो सुटणार नाही. वेड्या बाभळीच्या झुडपांतून वाट असेल तर पूर्ण बोटांचे, पातळ पाठीचे हातमोजे घ्या. अंगठ्याच्या पाठीवर टॉवेलचं कापड असेल तर घाम पुसायला फार सोयीचं.

हेल्मेटखाली पातळ सुती सायकलिंग कॅप, तिची पुढची झाप ऊन आणि पाऊस दोन्ही अडवते. गळ्यात नळीसारखा बफ. खडी क्रशरच्या रस्त्यावर डंपर येताना दिसला की तो नाकावर ओढायचा. चष्मा मात्र रोज, ढगाळ दिवशीही. काच पारदर्शक किंवा उजेडानुसार रंग बदलणारी असावी, कारण झाडीतल्या सावलीत काळी काच खड्डा लपवते.

पाऊस आणि पहाट

रेनकोटच्या लेबलवर १०,००० मिलिमीटर लिहिलेलं असतं. म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबालाही कापड दाद देत नाही. आतली वाफ बाहेर सोडण्याचा आकडाही शेजारी असतो. तो आकडा मुळशी-ताम्हिणीच्या जुलैत फारसा उपयोगी पडत नाही. बाहेरची हवाच पाण्याने भरलेली आणि २२-२४ अंश गरम, मग आतली वाफ जाणार कुठे? चढावर रेनकोट घातलेला माणूस आतून घामानेच भिजतो. त्यापेक्षा चढावर पातळ, अंगासरशी जर्सी भिजू द्यावी. पाणी ऊबदार असतं, त्याने काही होत नाही. त्रास होतो तो माथ्यावर थांबल्यावर आणि उतारावर. तिथे वारा भिजलेल्या छातीवर लागतो. खिशात मुठीएवढी घडी होणारी, पुढून वारा अडवणारी आणि मागे जाळी असलेली बिनबाह्यांची विंड जिलेट ठेवा. थांबण्याआधी घाला, थंडी वाजायला लागल्यावर नको.

पावसात खरा शत्रू मागच्या चाकावरून उडणारा चिखल. मुरमाचे कण ओल्या पॅडमध्ये शिरतात आणि ७०-८० किलोच्या वजनाखाली कातडी खरवडतात. सीटखाली अडकवायचा छोटा प्लास्टिकचा मडगार्ड कुठल्याही महागड्या शॉर्ट्सपेक्षा जास्त वाचवतो. दिवसभराची राइड असेल तर कोरडी शॉर्ट्स बंद पिशवीत न्या आणि अर्ध्यावर बदला. ओल्या पॅडमध्ये तासन्‌तास बसून घामोळ्या, केसांच्या मुळाशी पुटकुळ्या आणि गजकर्ण होतं. पुटकुळी सुजून ठणकायला लागली तर फोडू नका, दोन दिवस सायकल ठेवा, तरीही वाढली तर डॉक्टर.

हिवाळ्यात उलट गणित. निफाडकडे पहाटे पारा खूप खाली जातो, नऊ-दहाला जॅकेट नकोसं होतं. एक जाड जॅकेट घेऊन निघालात की ते उरलेला दिवस कमरेला बांधून न्यावं लागतं. अर्ध्या बाह्यांची जर्सी, आर्म वॉर्मर, नी वॉर्मर, जिलेट आणि पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे, हे सगळं काढल्यावर दोन खिशांत बसतं. घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर दोन किलोमीटरवर घाम येणार आणि तो पुढे गार पडणार. गुडघे मात्र १५ अंशांच्या खाली झाकावेत.

धुणं

नवे कपडे मोठ्या राइडच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी एकदा धुवा, दोन तासांची खडबडीत फेरी करा, घरी येऊन आरशात लाल खुणा बघा. जिथे खूण आहे तिथे कुठली शिवण येते ते शोधा.

घरी पोचल्यावर शॉर्ट्स आधी काढा, चहा नंतर. लाल मुरमाचा डाग ओला चोळला की कापडात मुरतो. म्हणून वरची माती आधी सुकू द्या, झटका, मग साध्या पाण्यात खळबळा. शॉर्ट्स उलटी करून सौम्य साबणाने, ३० अंशांच्या आत, जाळीच्या पिशवीत धुवा. धुण्याची वडी पॅडवर घासू नका, साबणाचा थर फोममध्ये राहतो आणि पुढच्या घामाबरोबर कातडीला लागतो. कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नको. ते धाग्यावर थर चढवतं, घाम शोषणं थांबतं. हातमोज्यांचे वेल्क्रो बंद करून टाका, नाहीतर ते लायक्राचे धागे ओढतात. वाळत घालताना सावली हवी आणि पॅड बाहेरच्या बाजूला. कडक उन्हात इलास्टिक मरतं.

शॉर्ट्स कधी टाकायची हे ठरवायला ती दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडाकडे धरा. मागच्या बाजूला बोटं दिसायला लागली असतील, किंवा सोडल्यावर कापड लाटेसारखं सुरकुतलेलं राहत असेल, तर तिने पॅड जागेवर धरणं केव्हाच सोडलेलं आहे. ती घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर वापरा, खडीवर नको.